एआय एजंट चुकीचं बिल फाडतोय? मॉडेल बदलण्याआधी टूलचं वर्णन तपासा

बिलिंग सॉफ्टवेअरला एआय एजंट (सांगितलेलं काम सॉफ्टवेअरमध्ये स्वतः करणारा प्रोग्राम) जोडून द्यायची कामं मी करतो. दुकानदार, छोटे कारखानदार, सीएंची ऑफिसं हे माझे ग्राहक. तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण एकच सांगतात: 'मॉडेल मठ्ठ आहे, दुसरं लावून द्या.' महागडं मॉडेल लावलं की चुका थोड्या कमी होतात, पण जात नाहीत. टूल म्हणजे बिल करणं, पार्टी शोधणं अशा एकेका कामासाठी एजंटला दिलेली सोय. त्या टूलबद्दल मॉडेलला जे काही ठाऊक असतं ते तीनच ठिकाणांहून येतं: टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि पॅरामीटरची, म्हणजे टूलला द्यायच्या मूल्यांची, यादी. आतला कोड त्याला दिसत नाही. स्क्रीनवरची लाल सूचना दिसत नाही. 'आपल्याकडे असं करत नाहीत' ही ऑफिसातली समजही त्याच्यापर्यंत पोचत नाही. काल कामाला लागलेल्या पोराला चार ओळींची चिठ्ठी देऊन थेट गल्ल्यावर बसवावं, तशी ही गत आहे.

टूलची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. तुमच्या स्कीमात (टूलची व्याख्या जिथे लिहिलेली असते तिथे) ती अर्थातच रोमन लिपीत असतील.

लक्षणं

- ११,८०० रुपयांचं बिल ११८ रुपयांचं होतं, किंवा उलट शंभर पटीनं फुगतं.
- '१,१८० रुपये, सगळं धरून' असं सांगितलेलं असताना बिल १,३९२ रुपये ४० पैशांचं निघतं.
- 'बिल रद्द कर' म्हटलं की कधी बिल डिलीट होतं, कधी कॅन्सल होतं, कधी क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद) निघते.
- एकाच मालाची दोन बिलं, मिनिटाभराच्या अंतरानं, दोन वेगळ्या क्रमांकांची.
- नाव बरोबर पण पार्टी भलतीच. पुण्याच्या गिऱ्हाइकाला आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा कर) लागतो.
- 'एकूण येणं किती?' याचं उत्तर ठामपणे येतं आणि लेजरशी जुळत नाही.
- पैसे भरून मोकळ्या झालेल्या पार्टीला बाकीची आठवण जाते.
- रात्री केलेल्या बिलावर आदल्या दिवसाची तारीख पडते.

यातलं एक जरी दिसलं तरी आधी एजंटचा 'पाठव' आणि 'पक्कं कर' हा हक्क काढून घ्या. मसुदे बनवू द्यायला हरकत नाही. मग खालच्या क्रमानं चला. सुरुवातीच्या तपासण्या फुकटात होतात, शेवटच्यांना डेव्हलपरचे पैसे पडतात.

१. लॉग उघडा. एजंट काय बोलला ते सोडा, त्यानं काय केलं ते बघा

एजंटनं चॅटमध्ये दिलेलं स्पष्टीकरण हा पुरावा नव्हे. 'मी बिल रद्द केलं' असं तो लिहितो आणि प्रत्यक्षात त्यानं एक टीप जोडलेली असते. लॉगमध्ये, म्हणजे एजंटच्या प्रत्येक कृतीच्या नोंदीत, तीन गोष्टी शोधा: कोणतं टूल वापरलं, त्याला कोणती मूल्यं दिली, आणि उलट काय आलं.

त्यावरून चूक चारपैकी एका खणात बसते. टूलच चुकीचं निवडलं. टूल बरोबर, मूल्यं चुकली. दोन्ही बरोबर, पण आलेल्या उत्तराचा अर्थ चुकीचा लावला. किंवा सगळं बरोबर, पण तेच दोनदा केलं. पहिला खण म्हणजे वर्णनाचा दोष, दुसरा पॅरामीटरच्या वर्णनाचा, तिसरा परताव्याचा (टूलकडून उलट आलेल्या उत्तराचा), आणि चौथा बहुतेक वेळा कोडचा. हे ठरवल्याशिवाय वर्णनात हात घातलात तर एक ठीक करताना दोन बिघडतात. वर्णन बदललं की शेजारच्या टूलची निवडही हलते.

लॉगच ठेवला जात नसेल तर इथेच थांबा आणि तो चालू करून घ्या.

२. फक्त वर्णन वाचा, कोड बंद ठेवा

बिलिंग ज्याला कळतं पण तुमचं सॉफ्टवेअर ज्यानं पाहिलेलं नाही अशा माणसाला सगळी वर्णनं छापून द्या आणि विचारा: 'गिऱ्हाईक म्हणालं कच्चं बिल कर, तर यातलं काय वापरशील?' तो अडखळला तर मॉडेल अडखळणारच. फरक एवढाच की माणूस विचारतो आणि मॉडेल बरेचदा अंदाजानं पुढे जातं.

मला हमखास सापडणारं वर्णन हे असं:

क्रिएट_इन्व्हॉइस: नवीन इन्व्हॉइस तयार करते.

नावात जे आहे तेच पुन्हा सांगितलं. आता हे बघा:

क्रिएट_इन्व्हॉइस: दिलेल्या पार्टीच्या नावावर टॅक्स इन्व्हॉइसचा मसुदा तयार करते. मसुद्याला बिल क्रमांक मिळत नाही, तो पार्टीला जात नाही आणि जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) मध्ये धरला जात नाही. पक्कं करण्यासाठी फायनलाइज_इन्व्हॉइस वापरा, तेही वापरणाऱ्यानं मसुदा पाहून होकार दिल्यावर. कोटेशन, अंदाजपत्रक किंवा प्रोफॉर्मा मागितलं असेल तर हे टूल नको, क्रिएट_एस्टिमेट वापरा. आधीच्या बिलातली चूक सुधारण्यासाठी दुसरं बिल करू नका. पार्टी_आयडी सर्च_पार्टीमधून मिळवा, नावावरून बनवू नका. परत येतं: मसुद्याचा आयडी आणि करासह एकूण रक्कम.

यात नवीन काय आलं? टूल काय करत नाही हे आलं. कधी वापरायचं नाही हे आलं, आणि त्या वेळी दुसरं कोणतं वापरायचं हेही. 'हे वापरू नका' एवढंच लिहून सोडलं तर मॉडेल अडून बसतं किंवा आडवाट शोधतं. अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनातही प्रत्येक टूलला किमान तीन-चार वाक्यं द्यावीत असं म्हटलं आहे. बिलिंगच्या टूलना तेवढी लागतातच.

दुकानातली भाषा इथेच घालायची. 'कच्चं बिल' एका ठिकाणी मसुद्याला म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी अंदाजपत्रकाला. 'चलन' म्हणजे डिलिव्हरी चलन की बँकेत भरायचं चलन? 'पार्टीचं खातं दाखव' म्हणजे लेजर की बँक खात्याचा तपशील? वर्णन इंग्रजीत ठेवलं तरी चालतं. बहुतेक मॉडेलांत देवनागरी मजकुराला जास्त टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) लागतात, म्हणून मीही इंग्रजीच ठेवतो. पण तुमचा माणूस तोंडानं जे शब्द वापरतो ते त्यात उतरलेच पाहिजेत.

एक सवय मात्र सोडा. चूक झाली की वर्णनात 'अत्यंत महत्त्वाचं', 'कधीही नाही', मग तेच ठळक अक्षरात, असं चढत जायचं. दहा टूलमध्ये दहा आरोळ्या झाल्या की त्यातली खरी कोणती हे कुणालाच कळत नाही. कारण लिहा: 'पक्क्या बिलाचा क्रमांक वापरला जातो आणि ते रद्द करावं लागलं तर मालिकेत खंड पडतो, म्हणून आधी होकार घ्या.' कारण दिलं की न सांगितलेल्या प्रसंगातही मॉडेल बऱ्यापैकी बरोबर वागतं.

३. पॅरामीटर: एकक, कर धरून की सोडून, तारीख

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात आणि दुरुस्ती सगळ्यात स्वस्त आहे, म्हणून इथे वेळ काढा.

*रक्कम.* पेमेंट गेटवेच्या एपीआयला (एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याशी बोलायचं दार) रक्कम बहुधा पैशांत लागते. बिलिंगच्या एपीआयला रुपयांत. दोन्ही एकाच एजंटला जोडलेली असतात आणि दोन्हीकडे पॅरामीटरचं नाव नुसतं 'अमाउंट'. मग ११,८०० रुपयांची पेमेंट लिंक ११८ रुपयांची निघते. नाव बदलून 'अमाउंट_पैसे' किंवा 'अमाउंट_रुपये' करा आणि वर्णनात एक उदाहरण टाका: ११,८०० रुपयांसाठी ११८००००. वर्णन वाचायचं राहून जाईल, पण नाव भरताना ते समोर असतंच. 'अडीच हजार', 'सव्वा लाख', 'दीडशे' असली बोलीही उदाहरणात एकदा येऊ द्या: सव्वा लाख म्हणजे १२५०००.

*कर.* वरच्या लक्षणांतला १,३९२ रुपये ४० पैशांचा आकडा कुठून आला बघा. १,१८० रुपये कर धरून होते, म्हणजे १८ टक्क्यांनी १,००० अधिक १८०. एपीआयनं 'रेट' हा करापूर्वीचा दर मानला, १,१८० वर पुन्हा १८ टक्के म्हणजे २१२ रुपये ४० पैसे चढवले. सॉफ्टवेअरनं चूक केली नाही, मॉडेलनंही सांगितलेला आकडाच दिला. 'रेट करासह आहे की करापूर्वीचा' हे कुणीच लिहिलं नव्हतं. यासाठी हो/नाही असा स्वतंत्र पॅरामीटर ठेवा आणि तो बंधनकारक करा. गृहीत मूल्य देऊ नका. बंधनकारक केला आणि 'माहिती नसेल तर वापरणाऱ्याला विचारा' असं लिहिलं, की बहुतेक वेळा एजंट विचारतो.

*सूट.* २ म्हणजे २ टक्के, २ रुपये की ०.०२? लिहा.

*कराचे दर.* पॅरामीटरच्या एनममध्ये (चालणाऱ्या मूल्यांच्या रकान्यात) ०, ५, १२, १८, २८ अशी ठरावीक यादी कोंबलेली असेल तर तिच्यावर लाल खूण करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक माल १२ आणि २८ मधून बाहेर पडून ५, १८ किंवा ४० टक्क्यांत गेला. यादीत ४० नसेल तर एजंट जवळचा २८ उचलतो आणि बिल होतं. पण म्हणून १२ आणि २८ सरसकट खोडू नका. त्याआधीच्या बिलावर क्रेडिट नोट काढायची तर ती मूळ बिलाच्या दरानंच निघते. खरा उपाय असा की दर एजंटला ठरवूच द्यायचा नाही. त्यानं वस्तूचा आयडी द्यावा, दर आणि एचएसएन (मालाच्या वर्गाचा कोड) सॉफ्टवेअरनं आपल्या मास्टरमधून, म्हणजे वस्तूंच्या मूळ यादीतून, आणि तारखेवरून उचलावेत.

*बिल क्रमांक.* हाही एजंटनं द्यायचा नसतो. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे क्रमांक सलग मालिकेत, आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा. एजंटला मोकळं सोडलं तर तो छान दिसणारा क्रमांक रचतो: तीन अक्षरी शाखा-कोड, तिरकी रेघ, २०२५-२६, तिरकी रेघ, पाच आकडे. मोजा: ३+१+७+१+५ म्हणजे १७. पॅरामीटर काढूनच टाका.

*तारीख.* ०४/०५/२०२५ ही ४ मे की ५ एप्रिल, हे वर्ष-महिना-दिवस असा साचा ठरवून मिटवा. दुसरी भानगड वेळेची. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालत असेल तर आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे साडेपाच या वेळात केलेल्या बिलावर आदल्या दिवसाची तारीख पडते. एरवी हे खपून जातं. १ एप्रिलला रात्री २ वाजता केलेलं बिल मात्र ३१ मार्चचं होऊन मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं. आजची तारीख मॉडेलला आपोआप ठाऊक नसते. ती भारतीय वेळेनुसार सूचनांमध्ये द्या, आणि 'तारीख सांगितली नसेल तर हा पॅरामीटर रिकामा सोडा, सॉफ्टवेअर आजची घालेल' असं लिहा.

४. पार्टीची ओळख

बाजारात एकाच नावाच्या तीन-चार पार्ट्या असणं रोजचं. सर्च_पार्टीच्या वर्णनात एक वाक्य हवंच: एकापेक्षा जास्त नावं आली तर निवड करू नका, जीएसटीआयएन आणि गाव दाखवून विचारा.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे एकाच कंपनीच्या दोन राज्यांतल्या नोंदण्या. जीएसटीआयएन १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. त्यामुळे २७ नं सुरू होणारा महाराष्ट्राचा आणि ३० नं सुरू होणारा गोव्याचा क्रमांक पुढच्या दहा अक्षरांत तंतोतंत सारखे असतात. नावही तेच. एजंटनं पणजीची नोंद उचलली की कोल्हापूरच्या गोदामात दिलेल्या मालाला सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी आयजीएसटी लागतो, आणि पार्टीला आपल्या महाराष्ट्रातल्या नोंदणीवर क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) दिसत नाही. शोधाच्या उत्तरात राज्य स्वतंत्र रकान्यात द्या. कर कोणता लावायचा हे ठरवायला पॅरामीटर ठेवलेला असेल तर तोही काढा. ते सॉफ्टवेअरचं काम आहे.

५. रद्द, डिलीट, क्रेडिट नोट: शेजारची टूल वेगळी करा

इथे वर्णनात थोडा कायदा उतरवावा लागतो, कारण तोंडचा शब्द एकच, 'रद्द कर', आणि मार्ग तीन.

मसुदा असेल तर डिलीट. तो कुठेच गेलेला नसतो. ई-इन्व्हॉइस असेल, म्हणजे सरकारी पोर्टलवरून ६४ अक्षरांचा आयआरएन (त्या बिलाचा नोंदणी क्रमांक) मिळालेला असेल, तर तो २४ तासांच्या आतच रद्द होतो. अर्धा रद्द होत नाही, आणि रद्द केलेला बिल क्रमांक आयआरएनसाठी पुन्हा वापरता येत नाही. २४ तास उलटले की क्रेडिट नोट. जो ई-इन्व्हॉइसच्या कक्षेत येत नाही (१ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा ५ कोटींच्या उलाढालीची आहे) त्याचं पक्कं बिल पार्टीला गेलेलं असेल तरी सरळ वाट क्रेडिट नोटेचीच.

म्हणून तीन टूलच्या वर्णनांची पहिली वाक्यं अशी हवीत की ती एकमेकांवर चढणार नाहीत. डिलीट_ड्राफ्ट: फक्त क्रमांक न मिळालेल्या मसुद्यासाठी. कॅन्सल_ई_इन्व्हॉइस: फक्त २४ तासांच्या आतल्या आयआरएनसाठी. क्रिएट_क्रेडिट_नोट: बाकी सगळ्या पक्क्या बिलांसाठी. मूळ नाव 'डिलीट_इन्व्हॉइस' असेल तर वर्णन कितीही चांगलं लिहा, नाव जिंकतं. नाव बदला.

आणि एजंटला बिलाची अवस्था कळायला गेट_इन्व्हॉइसच्या उत्तरात मसुदा/पक्कं, आयआरएन आणि त्याची वेळ यायला हवी. ती येत नसेल तर वरचे सगळे नियम हवेत राहतात.

डिलीट केलं की मिटलं, असं कुणाला वाटत असेल तर: कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा, बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे. एजंटचे उद्योगही त्यात उमटतात.

६. परतावा: टूलनं उलट काय सांगितलं

'एकूण येणं किती?' याचं चुकीचं उत्तर जवळजवळ नेहमी एकाच कारणानं येतं. लिस्ट_इन्व्हॉइसेस एका वेळी ५० बिलं देतं, पुढच्या पानाची खूण शेवटी कुठेतरी असते, आणि एजंट त्या ५० ची बेरीज करून आकडा सांगतो. आकडा अर्धवट आहे हे त्याला कळायला जागाच नसते. वर्णनात लिहा: 'एका वेळी जास्तीत जास्त ५० बिलं, बेरजेसाठी हे टूल वापरू नका, गेट_आउटस्टँडिंग वापरा.' उत्तरातही '५० पैकी ५०' असं न देता '२१३ पैकी ५०' असं येऊ द्या. बेरजेचं वेगळं टूल नसेल तर ते करून घ्या. मॉडेलकडून शंभर-दोनशे आकड्यांची बेरीज करून घेणं मला पसंत नाही.

अवस्थांचे अर्थही लिहा. 'अनपेड'मध्ये थोडे पैसे आलेली बिलं येतात का? 'ओव्हरड्यू' मुदतीनंतर लगेच, की सवलतीचे दिवस धरून?

टीडीएसचा घोटाळा याच खणातला. व्यावसायिक फीचं १,००,००० अधिक १८,००० जीएसटी असं बिल. पार्टी करापूर्वीच्या रकमेवर १० टक्के टीडीएस कापून १,०८,००० भरते. एजंटला १०,००० बाकी दिसतात आणि तो सभ्य भाषेत आठवण धाडतो. पार्टी चिडते, आणि रास्त चिडते. रेकॉर्ड_पेमेंटमध्ये टीडीएसचा स्वतंत्र पॅरामीटर हवा, आणि सेंड_रिमाइंडरच्या वर्णनात: 'बाकी रक्कम टीडीएसच्या कपातीएवढी असेल तर पाठवू नका, वापरणाऱ्याला दाखवा.'

त्रुटीचे संदेशही वर्णनाचाच भाग समजा. 'एरर ४२२' वाचून एजंट तीच मूल्यं थोडी फिरवून पुन्हा मारत राहतो. 'एचएसएन ४ अंकी आहे, या फर्मला ६ अंकी लागतो. वस्तू मास्टर दुरुस्त करायला सांगा' हे वाचलं की तो थांबतो.

७. तेच बिल दोनदा

याला वर्णन पुरत नाही. सर्व्हरनं बिल केलं, उत्तर परत यायला उशीर झाला, एजंटला टाइमआउट दिसला, त्यानं पुन्हा प्रयत्न केला. त्याच्या बाजूनं हे शहाणपणाचंच आहे. 'पुन्हा प्रयत्न करू नका, आधी शोधा' असं वर्णनात लिहिल्यानं प्रमाण घटतं. बंद व्हायचं असेल तर प्रत्येक विनंतीसोबत एक ओळखचिन्ह जायला हवं, आणि तेच चिन्ह पुन्हा आलं तर सर्व्हरनं नवीन बिल न करता जुनंच परत द्यायला हवं. याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. चिन्ह मॉडेलला बनवायला लावू नका, मधल्या कोडनं बनवावं. हे डेव्हलपरचं काम आहे. एपीआय तुमचा नसेल आणि त्यात ही सोय नसेल, तर मधल्या थरात पार्टी, रक्कम आणि तारीख जुळणारं ताजं बिल आहे का ते बघून अडवा.

८. टूलच फार झाली असतील

एपीआयच्या प्रत्येक पत्त्याचं एक टूल, असं यंत्रानं बनवलेलं पन्नास-साठ टूलचं गाठोडं मी वारंवार बघतो. सगळ्यांची वर्णनं दर वेळी मॉडेलपुढे जातात, त्यामुळे खर्च वाढतो आणि निवडही भोंगळ होते. रोज लागणारी दहा-बारा ठेवा. जी कायम एकामागून एक वापरली जातात ती एकात करा. बाकीची वेगळ्या एजंटकडे द्या, किंवा गरज पडेल तेव्हाच लोड होतील अशी ठेवा.

यानंतर चाचणी. दुकानातल्या खऱ्या बोलण्यातली पंधरा-वीस वाक्यं लिहून काढा, प्रत्येकापुढे अपेक्षित टूल आणि मूल्यं लिहा, आणि वर्णनात काहीही बदललं की सगळी पुन्हा चालवा. प्रत्येक वाक्य तीन-चारदा, कारण उत्तर दर वेळी सारखंच येईल असं नाही. 'शिंद्यांचं मागचंच बिल परत कर' हे वाक्य यादीत जरूर ठेवा. परत करणं म्हणजे तसंच नवीन बिल, की परतावा? एजंटनं इथे विचारलं पाहिजे. न विचारता पुढे गेला तर वर्णन अजून कच्चं आहे.

इथे थांबा

काही गोष्टी वर्णनानं सोडवायच्याच नसतात. वर्णन मॉडेलला दिशा देतं, त्याला अडवत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या एमसीपीमध्ये (एजंटला टूल जोडायची एक प्रमाण पद्धत) टूलवर 'फक्त वाचणारं', 'नासधूस करू शकणारं' असे शेरे मारता येतात, पण तेही इशारेच आहेत. ५०,००० च्या वरचं बिल माणसाच्या होकाराशिवाय पक्कं होऊ नये असं वाटत असेल तर ती अट सर्व्हरवर कोडमध्ये बसवा. वर्णन चौथ्यांदा लिहूनही तीच चूक येत असेल तर पाचव्यांदा लिहू नका, डेव्हलपरला बोलवा. तीच गोष्ट बाहेरून आणलेल्या एमसीपी सर्व्हरची. त्यातली वर्णनं तुमच्या एजंटला सूचना म्हणूनच लागू होतात, त्यामुळे ती न वाचता जोडू नका, आणि वाचून शंका आली तर सुरक्षेची जाण असलेल्या माणसाला दाखवा.

सीएला फोन कधी करायचा? चुकीचं बिल पार्टीला गेलं आणि जीएसटीआर-१ भरून झाला असेल तेव्हा. आयआरएनचे २४ तास उलटलेत आणि पार्टीनं क्रेडिट घेतलंय तेव्हा. चुकीच्या राज्याचा कर भरला गेलाय तेव्हा. मागच्या आर्थिक वर्षाचं बिल असेल तेव्हा तर त्याच दिवशी, कारण क्रेडिट नोट दाखवून कर कमी करण्याची मुदत वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र आधी भरलं तर तिथवरच असते. अशा वेळी एजंटकडूनच दुरुस्ती करून घ्यायचा मोह होतो. करू नका. तो उरलेल्या टूलमधून काहीतरी उलटी नोंद रचतो आणि सीएला दोन गुंते सोडवावे लागतात.

फोन करण्याआधी हे हाताशी ठेवा: बिल क्रमांक, आयआरएन आणि तो मिळाल्याची वेळ, त्या महिन्याचं रिटर्न भरलंय की नाही, पार्टीचा जीएसटीआयएन. डेव्हलपरसाठी वेगळं: वापरणाऱ्यानं टाइप केलेलं मूळ वाक्य जसंच्या तसं, टूलला गेलेली मूल्यं, आलेलं उत्तर, आणि त्या दिवशी लागू असलेलं वर्णन. आजचं वर्णन दाखवून उपयोग नाही, म्हणून वर्णनांच्या जुन्या आवृत्त्या कोडसारख्याच गिटमध्ये (जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) ठेवा.